डोक्यावर हात ठेवला की कळ थांबते

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, गेली १७ वर्षं घरीच ब्लाउज शिवतात. सात आठवड्यांपूर्वी सकाळी उठल्या त्या मान आखडूनच. चार दिवसांत मान सुटली, पण उजव्या खांद्यामागून, दंडाच्या पाठीमागून थेट मधल्या बोटापर्यंत कळ यायला लागली. तर्जनी आणि मधलं बोट बधिर, सारख्या मुंग्या, रात्री झोप नाही. एमआरआयमध्ये दोन ठिकाणी चकतीचा, म्हणजे मणक्यांमधल्या गादीचा, दोष निघाला. "मणक्यात गॅप पडलाय, तो आता भरणार कसा?" ही त्यांची धास्ती. सर्जन म्हणाले, ऑपरेशनचं ठरवून सांगा. जाऊबाई म्हणतात, मानेला सुरी लागली की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. यजमानांना एका हाडवैद्याकडे न्यायचं आहे. मानेचा पट्टा रात्रंदिवस चालू आहे. लग्नसराईचे ६० ब्लाउज अंगावर घेतलेले आहेत आणि मुलीची कॉलेजची फी त्यावरच आहे. "ऑपरेशन करू की मशीन विकू?" असं त्या विचारतात. ताजा कलम: हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, पण तसं झोपलं की सासूबाई अपशकुन म्हणून ओरडतात.

ताई,

तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत उपयोगी पडली ती ताजा कलमातली ओळ. ती तुम्ही जवळजवळ लाजतच लिहिली आहे. तिचा अर्थ आधी सांगते, म्हणजे सासूबाईंशी बोलताना तुमच्या हाताशी काहीतरी असेल.

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या बाजूच्या बारीक खिडक्यांतून नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात. त्यांतल्या खालच्या नसा हाताकडे जातात. हात खाली लोंबत असला की दबलेली नस ताणलेली राहते. तोच हात उचलून डोक्यावर ठेवला की ती सैल पडते आणि चिमटा हलका होतो. मान तपासणारे डॉक्टर ही गोष्ट मुद्दाम विचारतात, कारण ती दुखण्याचा पत्ता सांगते. खांदा गोठला असता तर हात डोक्यावर न्यायच्या आधीच तुम्ही ओरडला असता. मनगटात नस दबली असती (शिवणकाम करणाऱ्यांत तेही बरंच दिसतं) तर रात्री हात झटकून बरं वाटलं असतं आणि मान आखडून सुरुवात झाली नसती. दंडाच्या मागून मधल्या बोटापर्यंतची वाट ही सातव्या नसेची. मानेच्या चकतीच्या त्रासात सर्वांत जास्त वेळा सापडते ती हीच नस. मी तुम्हाला तपासलेलं नाही, हा पत्रावरून बांधलेला अंदाज आहे. पण तुमच्या सर्जननी तपासून तेच सांगितलं आहे. तेव्हा निदान मला पटतं. त्यानंतर तुम्ही मनात जे धरून बसला आहात, ते मात्र एकेक करून सोडवू या.

आधी तो 'गॅप'. हा शब्द कुणी रूढ केला कोण जाणे, पण त्याने जितक्या माणसांना घाबरवलं तितकं दुखण्यानेही घाबरवलं नसेल. दोन मणक्यांमध्ये गादी असते. बाहेरून थरावर थर असलेलं चिवट कापड, आत ओलसर मऊ गर. वयाबरोबर आतलं पाणी कमी होतं, गादी बसते आणि दोन मणक्यांमधली जागा घटते. म्हणजे गॅप पडत नाही, होता तो कमी होतो! भरून काढण्यासारखं तिथे काही नसतंच. कधी कधी बाहेरच्या कापडाची शिवण उसवते आणि आतला गर बाहेर डोकावतो. त्यालाच आपण गादी सरकली म्हणतो. अख्खी गादी कुठे जात नाही. तो गर नसेच्या मुळाशी टेकला की दाब पडतो, आणि शिवाय त्यातल्या द्रव्यांनी नस सुजते, चिडते. पहिल्या काही आठवड्यांतली जीव नकोसा करणारी कळ बरीचशी या सुजेची असते. म्हणून तर गर तिथेच असताना कळ ओसरू शकते. पुढे शरीर तो बाहेर आलेला गर हळूहळू पचवूनही टाकतं, आणि गंमत म्हणजे मोठा तुकडा बाहेर आला असेल तर तो विरून जाण्याचा संभव उलट जास्त. उसवलेली शिवण पहिल्यासारखी होत नाही, हे खरं. पण तशा गादीवर असंख्य लोक वर्षानुवर्षं बिनतक्रार जगत असतात, त्यांना पत्ताही नसतो.

हे मी धीर द्यायला म्हणत नाही. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत चकती फुगलेली निघाली. विशीतल्या मुलामुलींतसुद्धा चारांतल्या तिघांची. आता तुमचा रिपोर्ट परत काढून बघा. 'सी ५-६ ला फुगवटा' (म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधल्या गादीला) ही ओळ कदाचित दहा वर्षांपूर्वी फोटो काढला असता तरी आली असती. 'मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला' हे वाक्य तर दर दुसऱ्या रिपोर्टात असतं. स्नायू आखडले की मान सरळ दिसते, आणि न दुखणाऱ्या मानाही कित्येकदा तशाच दिसतात. मला त्यातली एकच ओळ कामाची वाटते: सी ६-७, उजवी बाजू. ती सातव्या नसेशी, म्हणजे तुमच्या मधल्या बोटाशी जुळते. बाकीच्या ओळी वयाच्या आहेत. केस पांढरे झाले म्हणून आपण दवाखान्यात जात नाही, तसंच ते.

मग ऑपरेशन की मशीन विकणं? या दोनच वाटा आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं? मला वाटतं कुणीच नाही. न झोपलेल्या माणसाला रात्री तीन वाजता नेहमी दोनच वाटा दिसतात.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावात १९७६ ते १९९० या काळात हा त्रास झालेल्या ५६१ जणांचा माग ठेवला होता. साधारण चौथ्या हिश्श्याचं ऑपरेशन झालं, बाकीच्यांचं नाही. सगळे मिळून शेवटच्या तपासणीपर्यंत १०० पैकी ९० जणांना त्रास उरला नव्हता किंवा किरकोळ उरला होता. दुसरा अभ्यास स्वीडनचा, १९९७ मध्ये छापून आलेला. ८१ रुग्णांचे तीन गट केले: काहींचं ऑपरेशन, काहींना फिजिओथेरपी, काहींना पट्टा. चार महिन्यांच्या सुमारास ऑपरेशनवाले पुढे होते. वर्षभरानंतर तिन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे ऑपरेशनने आराम लवकर मिळतो, आणि ज्याला कळ सहनच होत नाही त्याच्यासाठी 'लवकर' ही लहान गोष्ट नाही. पण थांबणाऱ्याचं नुकसान होतंच असं नाही. बहुतेकांना पहिल्या चार ते सहा महिन्यांत मोठा फरक पडतो. तुमचे आत्ताशी सात आठवडे झालेत.

थांबायला एक अट आहे, आणि तिथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं: "कात्री हातातून निसटते असं वाटतं." वाटतं, की निसटते?

दुखतं म्हणून हात सैल सोडणं वेगळं आणि बळच जाणं वेगळं. सातव्या नसेवर चालणारा मोठा स्नायू दंडाच्या मागचा, कोपर सरळ करणारा. भिंतीसमोर उभ्या राहा, एका हाताचा तळवा भिंतीला टेका, कोपर वाकवून जरा पुढे झुका आणि स्वतःला मागे ढकला. पाच वेळा डाव्या हाताने, मग पाच वेळा उजव्या. कळ येतेय पण कोपर सरळ होतंय, तर ठीक. कळ असो वा नसो, कोपर अर्ध्यावरच लुळं पडतंय, तर ते खरं बळ कमी होणं. दर रविवारी एकदा हे करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रोज करू नका, रोज केलं की आपण स्वतःला फसवतो. एका रविवारपेक्षा दुसऱ्या रविवारी बळ कमी दिसलं तर त्याच आठवड्यात सर्जन गाठा. अशा वेळी ऑपरेशन पुढे ढकलण्यात शहाणपण नाही, आणि मीही तुम्हाला करून घ्या म्हणूनच सांगेन.

त्याहून घाईची काही लक्षणं आहेत. ती तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. हुक-आय लावताना दोन्ही हातांची बोटं अडखळायला लागली, चालताना तोल जातोय, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, मान वाकवली की पाठीतून विजेसारखा झटका जातो, लघवीवर ताबा राहत नाही: यातलं काहीही झालं तर दाब नसेवर नाही, मज्जारज्जूवर येत असू शकतो. तेव्हा रविवारची वाट पाहायची नाही, लगेच निघायचं. दुखण्यासोबत संध्याकाळचा ताप, घटणारं वजन असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. आधी कधी कर्करोग झालेला असेल, किंवा पडल्या-आपटल्यानंतर मान दुखायला लागली असेल, तर तेही डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावं. आणि हात दुखतोय, छाती आवळल्यासारखी होतेय, घाम फुटलाय, तर मानेचा विचार बाजूला ठेवून तडक हृदयाच्या तपासणीला जावं, हात उजवा असो की डावा. 'गॅसेस असतील' आणि 'मान आखडली असेल' या दोन वाक्यांपायी आपल्याकडे फार वेळ जातो.

सर्जनकडे परत जाल तेव्हा 'करू का' असं विचारू नका. उजव्या कोपराचं बळ पाचपैकी किती भरलं, ते विचारा. ते तपासून आकड्यात लिहितात. आणखी सहा आठवडे थांबले तर नक्की काय बिघडेल, तेही विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर मिरज तुम्हाला लांब नाही, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आणि पुढेमागे ऑपरेशनची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा. दागिन्यांकडे नंतर बघू.

जाऊबाईंचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांनी कुणाचं तरी काहीतरी पाहिलेलं असणार. पण हे ऑपरेशन १९५० च्या दशकापासून होत आलं आहे. बहुतेक वेळा गळ्याच्या पुढच्या बाजूने लहानसा छेद घेऊन चकती काढतात आणि दोन मणके जोडतात किंवा कृत्रिम चकती बसवतात. नंतर काही दिवस गिळताना त्रास होणं नेहमीचं, आवाज बसणं कधी कधी. मज्जारज्जूला इजा होणं शक्य आहे, पण ते विरळा. आणखी एक गोष्ट लोक विचारत नाहीत: हे ऑपरेशन हातातल्या कळेवर चांगलं चालतं, नुसत्या मानदुखीवर तितकं नाही. हात बरा झाला आणि मान अधूनमधून कुरकुरत राहिली तर ऑपरेशन फसलं असं नव्हे.

हाडवैद्याबद्दल मी कडक बोलणार आहे, यजमानांनी राग मानू नये. मोडलेलं हाड बसवणाऱ्या घराण्यांबद्दल लोकांना का विश्वास वाटतो ते मला कळतं. पण नस दबलेली असताना मानेला झटका देऊन घ्यायचा नाही, कुणाकडूनही नाही: वैद्याकडून नाही, मालिशवाल्याकडून नाही, दाढीनंतर कडकन मान मोडून देणाऱ्या न्हाव्याकडूनही नाही. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतूनच वर जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. ज्या पक्षाघाताला घाबरून तुम्ही ऑपरेशन टाळताय, तो असा फुकट मिळवायचा नाही.

पट्टा आता हळूहळू सोडा. तो लावून तुम्ही चूक केली नाहीत. नेदरलँड्समध्ये २०५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीचे तीन ते सहा आठवडे पट्टा आणि विश्रांती घेणाऱ्यांना काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर आराम पडला. फिजिओथेरपी घेणाऱ्यांनाही तितकाच. पण सहा महिन्यांनी सगळे सारखेच होते. सात आठवडे रात्रंदिवस म्हणजे पुरे झालं. मानेचे स्नायू बसून खायला शिकतात. आधी झोपताना काढा, मग सकाळचे दोन तास, असं करत दहाबारा दिवसांत फक्त एसटीच्या प्रवासापुरता ठेवा. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, मोबाइलवर बघून नको. गोळ्यांचं थोडक्यात: मेडिकलमधून मनाने आणलेली दुखण्याची गोळी आठवडेच्या आठवडे घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिल पाठवतात. नसेसाठी दिलेली गोळी झोप आणते, ती एकदम बंदही करायची नसते. आणि साखर तपासली नसेल तर तपासा. मधुमेहातही हाताला मुंग्या येतात.

आता मशीन. शिवणकामानेच हे झालं, असं तुम्ही धरून चालला आहात. मी तसं म्हणणार नाही. हा त्रास पन्नाशीच्या आसपासच्या, कधीही सुई न धरलेल्या माणसांना भरपूर होतो. मुलीने तुम्हाला दाखवलेलं ते चित्र, मान ६० अंश वाकली की २७ किलो भार, ते २०१४ च्या एका संगणकावरच्या गणितातून आलं आहे. त्यात कुणा रुग्णाला तपासलेलं नव्हतं. कामाने चकती फाटली हे सिद्ध करता येत नाही. पण चिडलेली नस कामाने आणखी चिडते, हे तुम्ही रोज अनुभवताय, आणि तेवढं बदलता येतं.

कटिंग तुम्ही जमिनीवर बसून करता. ते बंद. स्वयंपाकाचा ओटा दुपारी रिकामा असतो, त्यावर जाड चादर टाकून उभ्याने करा. हातशिलाई करताना मांडीवर दोन उशा घ्या, म्हणजे काम डोळ्यांकडे येईल, डोळ्यांना कामाकडे जावं लागणार नाही. आणि ताई, तुम्ही ४३ वर्षांच्या आहात, पत्रात चष्म्याचा उल्लेख नाही. सुईत दोरा ओवायला किती वेळ लागतो सध्या? चाळिशी लागली की माणूस नकळत कामावर वाकत जातो. डोळे तपासून घ्या. फक्त एक करा: शिवायला निव्वळ जवळचाच चष्मा करा. वर लांबचा, खाली जवळचा असा असला की खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते, आणि मान मागे झुकली की नसेच्या खिडक्या आणखी अरुंद होतात.

त्यासाठीच सध्या तांब्यातून वरून पाणी पिऊ नका, पेल्याला तोंड लावून प्या. सोवळं-ओवळं चार महिने सांभाळून घेईल. माळ्यावरचे डबे दुसऱ्याने काढावेत. पार्लरमध्ये मान मागे टाकून केस धुऊन घेणंही नको. यातली पाण्याची गोष्ट लोकांना मी सांगते तेव्हा ते हसतात, आणि आठवड्याने येऊन म्हणतात, खरंच हो, पाणी पितानाच कळ यायची.

वीस मिनिटं मशीन, मग उठून पाच मिनिटं काहीही: भाजी निवडा, दारात जा, कपडे वाळत मात्र घालू नका. ६० ब्लाउजांपैकी निम्मे परत करा किंवा गावातल्या दुसऱ्या कुणाला वाटून द्या. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, पण लग्नाच्या आदल्या दिवशी 'झाला नाही' म्हणण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं गिऱ्हाईक परत येतं. काज-बटण, हुक-आय आणि इस्त्री घरात कुणाकडे तरी सोपवा. जाऊबाईंना तुमची काळजी वाटतेच आहे. त्या काळजीला जरा काम द्या.

रात्री पाठीवर किंवा डाव्या कुशीवर झोपा, मान मधोमध राहील इतक्याच जाडीची उशी घ्या, पालथं नको. उजव्या हाताखाली एक उशी. तरी कळ आली तर हात बिनधास्त डोक्यावर ठेवा. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी दिलेला उपचार आहे, बिनपैशाचा.

कॅलेंडरवरचे चार रविवार भरले की मला कळवा. कळ आधी कमी होते, बोटाच्या मुंग्या सगळ्यांत शेवटी जातात, त्यामुळे त्या तशाच राहिल्या तर घाबरून आधी लिहू नका. आणि कोपर सरळ होईना झालं, तर मला पत्र लिहीत बसू नका, सर्जनकडे जा.